अंबुबाईभाकरी डॉट इन, मुक्काम पोस्ट कुठेच नाही

मी एक पत्ता बोलतोय. पण मला गल्ली नाही, घर नंबर नाही, पिनकोड नाही आणि माझ्या दारात आजवर पोस्टमन आलेला नाही. इंग्रजीत मला डोमेन नेम म्हणतात. मोबाइलात माझं नाव टाइप केलंत की मी तुम्हाला रूपाच्या भाकरीच्या दुकानात नेऊन सोडतो, एवढंच माझं काम. माझं पूर्ण नाव अंबुबाईभाकरी डॉट इन. लांब आहे, मान्य. पण ते मी ठेवलेलं नाही.

आधीच सांगून टाकतो, मला चौकशीची खोड आहे. कोण आलं, कुठल्या गावाहून आलं, किती वेळ थांबलं, काय न बघताच गेलं, हे सगळं माझ्याकडे नोंदलेलं असतं. शिवाय माझा मुक्काम रूपाच्या फोनात, आणि फोन पडलेला असतो पिठाच्या काटवटीशेजारी. त्यामुळे कानावर येतं. मी मुद्दाम ऐकायला जात नाही.

माझा जन्म बिदरला, नौबादमधल्या शिवप्रसादच्या कॉम्प्युटरच्या दुकानात झाला. तारीख दहा जुलै, वेळ दुपारची. माझ्या आधी एका म्हाताऱ्याच्या आधारकार्डाची झेरॉक्स निघाली आणि माझ्यानंतर कुणाचे तरी पासपोर्ट फोटो. मध्ये मी. जन्मायला चार मिनिटं लागली, नाव ठरायला दीड तास.

बिदर जिल्ह्यातल्याच चिटगुप्प्याहून तिघं आले होते. रूपा, तिचा नवरा अनिलकुमार आणि सासरे काशाप्पा. रूपाला 'कडकभाकरी' हवं होतं. शिवप्रसादनं टाइप केलं आणि मान हलवली.

"गेलंय, अक्का."

"कुठं गेलंय?" काशाप्पांनी विचारलं.

"कुणीतरी घेऊन ठेवलंय, अप्पा."

"मग ते भाकरी विकायलेत का?"

"काय विकंनात. नुसतं धरून बसलेत. पुढं कुणाला लई गरज पडली तर देतील."

काशाप्पांनी दाराबाहेर बघितलं. रस्त्याच्या पलीकडे कंपाउंड घालून सोडून दिलेले प्लॉट होते, आत नुसती वेडी बाभळ. "म्हंजे प्लॉटच की," ते म्हणाले. त्यांना इंटरनेट तेवढ्यात समजलं, आणि माझ्या मते बरोबर समजलं.

आणखी सात-आठ नावं गेलेली निघाली. मग रूपा म्हणाली, "आत्यांचंच नाव घालू. हात त्यांचा हाय." लगेच सासूबाईंना, म्हणजे अंबुबाईंना, फोन लागला.

"मपलं नाव? कामून? मी जिती हाय की अजून!"

"दुकानाला जित्या माणसाचं बी नाव देतेत, आत्या."

"मग घाला. पण आडनाव नगं. आडनावाचे लई जण हायत, सगळे मालक व्हतील."

असा मी झालो. शिवप्रसाद म्हणाला, "एक वर्षाचा हाय. पुढल्या दहा जुलैला रिन्यू करा, न्हाईतर जातंय." त्यावर काशाप्पा म्हणाले, "मग शेडचं बी तेवढंच धरा. वर्षात बाहेरगावची गिऱ्हाइकं आली तर शेड तुमचं. न्हाई आली तर सिमेंटवाल्याला देतो."

हे शेड म्हणजे चिटगुप्प्यात त्यांच्या घरामागं असलेला पत्र्याचा निवारा. पूर्वी तिथं मेंढरं असायची. मेंढरं गेली, तशी रूपानं जागा सारवून तीन चुली मांडल्या. सासू, सून आणि नागरत्नासारख्या चार बायका मिळून तिथं जोंधळ्याची कडक भाकरी करतात. पातळ थापलेली, मंद आचेवर पापडासारखी कडक भाजलेली, दीड महिना राहणारी. एका सिमेंटच्या व्यापाऱ्याला तेच शेड गोदामाला पाहिजे होतं. चिटगुप्प्यात भाकरी खपवून भागत नव्हतं, कारण ज्या गावात घरोघरी तवा तापतो तिथं भाकरी विकत घेणार कोण? आणि लग्न होऊन आल्यापासून त्या घरात रूपाची म्हणावी अशी जागा एकच होती, ते शेड. ती हे कुणाला बोलली नव्हती. तिच्या फोनात शेडचेच दोनशे फोटो होते, म्हणून मला माहीत.

आता माझं पहिलं पान कसं झालं ते सांगतो. तिथूनच सगळं बिघडलं.

काशाप्पा हे भावकीतले लग्नपत्रिका लिहिणारे. कुणाचं नाव कुणाच्या वर, कुणाच्या पुढं श्री आणि कुणाच्या पुढं श्रीमान, हे त्यांना तोंडपाठ. शिवप्रसादचंही पत्रिका छापायचं काम चालतं. तेव्हा दोघं शेजारी बसले आणि त्यांच्या हातून जे व्हायचं तेच झालं. माझ्या पानावर सर्वांत वर 'श्री बीरदेव प्रसन्न'. त्याखाली 'आमचे येथे देवाच्या कृपेने कडक भाकरीचा ऑनलाइन व्यवसाय योजिला आहे, तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहावे.' मग आशीर्वाद, मग निमंत्रक, मग शुभेच्छुक. एकूण नावं त्र्याण्णव. सगळ्यात शेवटी भाकरी. भाकरीपर्यंत पोचायला अंगठा अकरा वेळा वर सरकवावा लागे. 'अहेर आणू नये' ही ओळही काढायची राहून गेली होती.

त्यातलं पहिलं नाव होतं हरिबांचं. हरिबा काशाप्पांचे थोरले भाऊ, राहायला आळंद तालुक्यातल्या खजुरीला. नऊ वर्षांपूर्वी काशाप्पांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत थोरल्या भावाचं नाव तिसऱ्या ओळीत गेलं, व्याह्यांच्या मावसभावाच्या खाली. पत्रिका लिहिणाऱ्याच्या घरचीच पत्रिका चुकली. हरिबा लग्नाला आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता परत गेले. तेव्हापासून भावाभावांत बोलणं नव्हतं. म्हणून माझ्यावर त्यांचं नाव पहिलं, जाड अक्षरात आणि एकट्यानं एका ओळीत.

पान सुरू झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी हरिबांचा फोन आला.

"दिसलं," ते म्हणाले.

"व्हय," काशाप्पा म्हणाले.

"वरच हाय."

"वरच ठेवलंय."

एवढंच बोलणं झालं. पण काशाप्पा त्या दुपारी दोनदा जेवले. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सातला माझ्याकडे खजुरीहून एक जण येऊ लागला. पहिल्या ओळीवर थांबायचा आणि जायचा. भाकरीपर्यंत कधी गेला नाही.

बाकीची भावकीही यायची. प्रत्येकाचं एकच काम, आपलं नाव बघायचं. रूपाच्या फोनात भाकरी म्हणून शोधलं की मीच पहिला दिसायचो. अनिलकुमारच्या फोनातही पहिला. काशाप्पांनी तर गल्लीत सांगितलं, "आपला पैला नंबर हाय." महिना गेला, दोन गेले, ऑर्डर एकही नाही. रूपाला वाटलं, लोकांना भाकरीच नको असेल.

खरं कारण मला माहीत होतं, पण मला कोण विचारतो? सर्चचं असं असतं, की त्याचा एक माणूस अधूनमधून फिरतीवर येतो, जनगणनेवाल्यासारखा. घरात काय काय आहे ते लिहून घेतो आणि जातो. तुम्ही काही शोधलंत की त्या वहीतून उत्तर येतं. माझ्याकडे तो आला, त्यानं त्र्याण्णव नावं वाचली, सहकुटुंब सहपरिवार वाचलं, अहेर वाचला, आणि माझ्या नावापुढे लिहून ठेवलं, लग्नघर. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि फोन सुरू झाले. रूपा पीठ मळता मळता उचलायची.

"कार्यालय खाली हाय का चौदा तारखेला?"

"कार्यालय न्हाई हो, भाकरी हाय."

"जेवणाचं मागनं बघू, ताई. आधी हॉल बोला."

दुसऱ्या दिवशी एका गृहस्थानं उदगीरहून विचारलं, "मुलगी किती शिकलीय?" नागरत्ना शेजारी होती. ती म्हणाली, "सांग की, बारावी शिकलीय, पण नवरा हाय म्हणावं." चार बायका हसल्या. रूपाही हसली, मग फोन पालथा ठेवून बराच वेळ थापत राहिली. मला काही दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता.

संक्रांतीला रूपाची मावशी गीताबाई पुण्याहून आल्या. बोलण्याबोलण्यात म्हणाल्या, "तुझं दुकान मी तिकडं शोधलं गं. सहा पानं बघितली. न्हाई गावलं."

"असं कसं? आमच्यात पैलंच येतंय की," अंबुबाई म्हणाल्या.

"तुमच्यात येत असंल. मला पत्रिकेच्या डिझाइनी दिसायल्या."

रूपा दुसऱ्याच दिवशी बस धरून नौबादला गेली. शिवप्रसादनं दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर शोधून बघितलं. मग म्हणाला, "अक्का, तुमचे फोन तुमच्या वळखीचे हायत. तुमी रोज तिथंच जाताव म्हणून ते तुमाला तेच आधी दाखवायलेत. बाहेरच्याला तुमी दिसतच न्हाई."

"मग काय करायचं?"

"वरच्या ओळीत भाकरी पायजे. कशाची, कुठली, किती दिवस टिकते, कुठं कुठं पोचते. लोक जे इचारतेत तेच आपण लिहून ठिवायचं. ह्यालाच एसईओ म्हणतेत, दुसरं काय न्हाई. आणि नावं काढायची."

"किती?"

"सगळी."

"एक-दोन ठेवून?"

"एक ठेवलाव तर दुसऱ्याला काय सांगणार?"

रूपानं घरी येऊन सांगितलं तेव्हा काशाप्पा भिंतीला टेकून बसले होते. ते ताठ झाले. "नाव एकदा छापल्यावर काढतेत व्हय? मेलेल्याचं बी काढत न्हाईत, पुढं कैलासवासी लावतेत!"

"मामा, लोक भाकरीपतुर येईनात."

"न्हाई आले तर न्हाई. हरिबाचं नाव मी दुसऱ्यांदा खाली घेणार न्हाई."

अंबुबाई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "त्र्याण्णव नावं हायत म्हणं. त्यात भाकरी थापणारं एक तरी हाय का? मपलं नाव पाटीवर लावलाव अन् आत तुमची वरात." यावर काशाप्पा उठून बाहेर गेले. जाताना चप्पल उलटी घातली.

खरी अडचण रूपाला कळत होती. नावं ठेवली तर शेड जातं. नावं काढली तर नऊ वर्षांनी आलेला तो एक फोनही वाया जातो, आणि त्याचं खापर सुनेच्या डोक्यावर. पंधरा दिवस तिनं काही केलं नाही. मग एका सोमवारी सासूला घेऊन, दोन बस बदलून खजुरीला गेली.

हरिबा ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "हे फोनवर सांगायचं की. एवढ्या लांब कामून आलीस?"

"फोनवर सांगायसारखं नव्हतं, थोरले मामा."

"काशाप्पानं धाडलंय?"

"न्हाई. त्यांनी नगंच म्हणलंय."

हरिबा पुढे सरकले. "नगं म्हणलाय?"

"खाली घेणार न्हाई म्हणले. दुसऱ्यांदा."

त्यांनी खिशातून फोन काढला, माझं पान उघडलं, पहिल्या ओळीकडे बघितलं आणि फोन परत खिशात टाकला. "तुमचं दुकान हाय. तुमी बघा. जेवून जावा."

परतीच्या बसमध्ये रूपानं विचारलं, "आत्या, हे व्हय म्हणायचं का न्हाई?"

"जेवून जावा म्हणले ना? मग आर्धं व्हय धर," अंबुबाई म्हणाल्या. "ह्या घरच्या बाप्यांकडून सबंध कदीच मिळत न्हाई."

अर्ध्या होकारावर रूपानं ते केलं. त्र्याण्णव नावं जायला एक सेकंद लागला. बीरदेव तेवढे राहिले, पण तळाला गेले. वर आली भाकरी, तिचा फोटो, मोडलेल्या तुकड्याचा वेगळा फोटो. नागरत्ना म्हणाली, "टिकती किती ते आधी लिही, माझी भावजय तेच इचारती." ते आधी लिहिलं. मग सोबत शेंगाची चटणी कशी खायची, प्रवासात कशी न्यायची, दात नसलेल्यांनी दुधात किती वेळ भिजवायची. सगळं रूपाच्या बोलीत. शिवप्रसादनं शुद्ध करायला घेतलं होतं, तिनं नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला खजुरीहून कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मी वाट बघत होतो असं नाही, पण नोंद करावी लागते.

भावकीचे फोन आले. "आमचं नाव दिसंना झालंय." अनिलकुमारनं सगळ्यांना एकच सांगितलं, "काम चालू हाय." हे तो चार महिने सांगत होता. काशाप्पा सुनेशी थेट बोलायचे थांबले. सून समोर असली तरी म्हणायचे, "तिला म्हणावं, चहा झाला का." अंबुबाई म्हणायच्या, "तिला कान हायत." चहा मात्र वेळेवर मिळायचा.

सर्चचा माणूस पुन्हा आला. या वेळी बराच वेळ थांबला. हे लोक घाई करत नाहीत. आज घर आवरलं म्हणून उद्या वर बसवतील असं नसतं. मी सातव्या पानावर होतो, चौथ्यावर आलो, मग दुसऱ्यावर. एप्रिलमध्ये नाशिकच्या एका नर्सबाईंनी वीस भाकरी मागवल्या. पुडक्यावर पत्ता लिहिताना रूपानं तो तीनदा वाचला. मग हैदराबादहून एक, बेंगळुरूहून दोन. जुलैच्या नऊ तारखेला बाहेरगावची गिऱ्हाइकं अकरा झाली.

त्या दिवशी काशाप्पा पाच महिन्यांनी सुनेशी सरळ बोलले. "अकराच? डझनभर बी न्हाई."

"डझन म्हणला नव्हताव, मामा."

"आता म्हणायलोय. सिमेंटवाला उद्या चारला शेड बघायला येणार हाय."

दहा जुलैला चुली नेहमीसारख्या पेटल्या. मला एवढंच माहीत होतं की आज रिन्यू झालो नाही तर मीही कंपाउंडमधला प्लॉट. शोधणाऱ्याला दिसेन, पण आत काही नसेल. भीती वाटली का, असं विचाराल तर नावाला भीती वाटण्याची सोय नसते.

अकरा वाजून दहा मिनिटांनी खजुरीहून एक जण आला.

पहिल्या ओळीवर थांबला नाही. फोटो बघितला. 'किती दिवस टिकते' ते वाचलं. दुधात भिजवायचं वाचलं, तिथं जास्त वेळ गेला. मग पंचवीस भाकरी मागवल्या. नावाच्या चौकटीत लिहिलं, हरिबा. 'काही सूचना असल्यास' या चौकटीत लिहिलं, 'चांगली नसली तर कळवीन.'

रूपानं फोन सासऱ्यांपुढे धरला. काशाप्पांनी चष्मा लावून वाचलं. चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

"ह्याच्या घरी तीन सुना भाकरी थापतेत," ते म्हणाले. "ह्याला इकतची भाकरी कशाला पायजे?"

तव्यावर एक भाकरी होती, ती नागरत्नानं उलटली. शेवटी अंबुबाई म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. खजुरी बाहेरगाव हाय का न्हाई, तेवढं सांगा."

काशाप्पांनी बराच विचार केला. "जिल्हाच दुसरा हाय," ते म्हणाले. मग सिमेंटवाल्याला फोन लावून सांगितलं की शेड रिकामं नाही, येऊ नका.

रूपानं मला तिथंच, पिठाच्या हातानं रिन्यू केलं. एकाच वर्षाचं केलं. दोन वर्षांचं का नाही, असं मी विचारलं नाही.

सध्या मी पहिल्या पानावर सातवा आहे. माझ्या वर सहा जण आहेत, त्यांतल्या दोघांकडे भाकरी नाहीच, नुसतं भाकरीबद्दल बोलणं आहे. तुम्हाला एवढंच सांगणं की काही शोधाल तेव्हा दुसऱ्या पानावरही जाऊन बघत चला, तिथंही माणसं वाट बघत बसलेली असतात. आणि ओळखीच्या कुणाचं दुकान उघडलंत तर आपलं नाव शोधून परत फिरू नका. तळापर्यंत जा. तिथं कुणीतरी चुलीपाशी बसलेलं असतं.

हरिबांचं पुडकं बांधून झालं तेव्हा काशाप्पा म्हणाले, "कुरिअरवाले मोडतेत. मीच नेतो." पहाटेची बस धरून, खोकं मांडीवर घेऊन गेले. त्याला आज पाचवा दिवस. माझ्याकडे त्या ऑर्डरपुढे अजून 'मार्गावर' असंच लिहिलेलं आहे. सकाळी रूपानं फोन करून विचारलं, "मामा, पोचली म्हणून दाबू का?"

"थांब," काशाप्पा तिकडून म्हणाले, "गिऱ्हाइकाचं बोलणं अजून सरंना."